नीलव्वाचा काळा दात

निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले, तरी कुणाशी बोलताना माझी नजर अजून त्याच्या डोळ्यांकडे जात नाही, दातांकडे जाते. भाजीवाली मेथीचा भाव सांगत असते आणि मी मनात म्हणत असते, हिची वरची डावी दाढ गेली, आता उजवीवर सगळा भार. नवरा म्हणतो, आता तरी लोकांची तोंडं सोड. सुटत नाहीत. सगळा जन्म सोलापुरातल्या एका दंत महाविद्यालयात शिकवण्यात गेला, आणि शिकवलं काय, तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात कसं डोकवायचं. वाकून वाकून मानेचे मणके झिजले. हाडांच्या डॉक्टरनं फोटो बघून विचारलं, 'दातांच्या डॉक्टर का?' म्हणजे आमची ओळख आता मानेवरून पटते.

या अंकासाठी संपादकांनी गमतीचे अनुभव मागितले आहेत. गमतीला तोटा नव्हता. टेंभुर्णीचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर कवळी करून घेऊन गेले आणि वर्षानं पुन्हा आले. कवळी नव्यासारखी चकचकीत होती. मी कौतुक केलं तर म्हणाले, 'मंग काय, लग्नाकार्याला तेवढी घालतो. आन् जेवताना काढून ठेवतो, उगं झिजाय नको.' असे लोक भेटले म्हणून दिवस निघाले. पण खरं सांगायचं तर मागं वळून बघताना हसण्यापेक्षा दमल्याचंच जास्त आठवतं. दर वर्षी नवी बॅच, नवी पोरं, आणि त्यांना तेच ते सांगत राहायचं, की बाबांनो, म्हातारं तोंड म्हणजे तरुण तोंडाची जुनी आवृत्ती नव्हे. ते वेगळंच प्रकरण असतं.

वय झालं की हिरड्या मागं सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. दाताला वरून जे कडक कवच असतं ते मुळाला नसतं. तिथं कीड लागली की ती लोण्यात सुरी शिरावी तशी आत जाते. त्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेलं, मग किडीला रान मोकळं. तरुण माणसाचा दात मशीननं कोरून, साफ करून सिमेंटनं भरता येतो. म्हाताऱ्या माणसाला तेवढा वेळ आ करून उताणं पडवत नाही. कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, कुणाची मान थरथरते, कुणाचा त्या मशीनच्या आवाजानंच जीव जातो.

अशांसाठी एक औषध आहे. चांदी आणि फ्लोराइड असलेलं, दिसायला पाण्यासारखं. बारीक ब्रशनं त्याचा थेंब किडीवर टेकवायचा, की झालं. इंजेक्शन नाही, मशीन नाही, दुखणं नाही. किडलेला भाग कडक होतो आणि कीड बहुतेक वेळा तिथंच थांबते. खोट एकच. किडलेला भाग काळा पडतो, डांबरासारखा काळा, आणि काळाच राहतो. कातडीवर सांडलं तर तिथंही डाग पडतो, पण तो आठवड्या-पंधरवड्यात जातो. दाताचा जात नाही.

माझ्या पोरांना हे औषध कधी आवडलं नाही. त्याचं पहिलं कारण कोटा. आमच्याकडे डॉक्टर होण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक कामं करून दाखवावी लागतात, इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या कवळ्या बसवायच्या. परीक्षा तोंडावर आली की पोरं पेशंट शोधत शहरभर हिंडतात. मेसच्या मावशी, हॉस्टेलचा वॉचमन, नाक्यावरचे रिक्षावाले, कुणाचंच तोंड सुरक्षित राहत नाही. या औषधाचं काम आमच्या कॉलेजात कोट्यात धरत नसत. मशीननं भरता येण्याजोगा दात थेंब लावून संपवायचा म्हणजे पोरांना हातची केस सोडल्यासारखं वाटायचं.

दरवर्षी एकदा मी वर्गात हा विषय काढून त्यांना बोलू द्यायची. कुणी म्हणायचं, मॅडम, हे रंगकाम झालं, यासाठी एवढी वर्षं शिकलो का. कुणी म्हणायचं, गरिबांना ठीक आहे. पुण्याच्या एका मुलीनं तर प्रामाणिकपणे सांगितलं, 'मॅडम, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर आधीचाच बरा दिसतो.' मग मी ठेवणीतला प्रश्न विचारायची, स्वतःच्या आजीला लावाल का? पोरं वह्यांत डोकी खुपसायची. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'आजीला इम्प्लांट करीन.' सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच्या आजीला काळा दात आणि आपल्या आजीला इम्प्लांट, हे त्यांना न शिकवता येत होतं.

या सगळ्यांत अनिरुद्ध वेगळा होता. नाशिककडचा, अंतिम वर्षाचा, उंच, किंचित पोक काढून चालणारा. तो एकटा म्हणाला, लावीन. त्याच्या आजीचे सगळे दात कुठल्याशा शिबिरात एका दमात काढले होते आणि ती बाई उरलेलं आयुष्य भाकरी दुधात कुस्करून खात होती. एखादा दात काळा होऊन का होईना राहिला असता तर तिनं शेंगदाणा चावला असता, असं तो म्हणायचा. या औषधावर त्यानं वर्गात इतकं मन लावून व्याख्यान दिलं की मलाच नवीन चार गोष्टी कळल्या. असा विद्यार्थी मिळाला की शिक्षकाचा थकवा थोडा वेळ उतरतो.

नीलव्वा आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. सोलापूरजवळच्या कुंभारीची. धाकटा मुलगा शरणू मालाचा टेम्पो चालवायचा, त्यानं तिला आणलं होतं. वरच्या समोरच्या दोन दातांची मुळं किडलेली. खुर्चीत बसली, अनिरुद्धच्या हातातलं मशीन बघितलं आणि पदर तोंडावर धरून म्हणाली, 'ब्याड.' ब्याड म्हणजे नको. घरात कानडी बोलणाऱ्या आमच्याकडच्या माणसांचा हा शब्द अनिरुद्धलाही आता कळायला लागला होता. मी तपासलं. औषधासाठी अगदी योग्य केस. अनिरुद्धला म्हटलं, आधी नीट समजावून सांग, मग लाव. आणि मी पुढच्या खुर्चीकडे गेले.

त्यानं समजावून सांगितलं, आणि फार छान सांगितलं. मोबाईलवर फोटोही दाखवले. पण सांगितलं शरणूला. आमच्याकडे ही रीतच पडून गेलेली आहे. म्हातारं माणूस खुर्चीत आणि प्रश्न त्याच्या डोक्यावरून, शेजारी उभ्या असलेल्याला. दुखतं का यांना? जेवण जातं का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? खुर्चीतलं माणूस एकदा या तोंडाकडे बघतं, एकदा त्या. शरणूनं फोटो बघितले आणि म्हणाला, 'चालतंय की. म्हातारीला आता काय, बोहल्यावर उभं ऱ्हायाचंय व्हय?' आजूबाजूचे हसले. सगळे हसतात म्हणून नीलव्वाही हसली. कागदावर अंगठा झाला, थेंब लागला, काम संपलं.

पंधरवडा झाला असेल, ती एकटीच आली. खुर्चीत बसेना. भिंतीशी बाकावर बसली, तोंडावर पदर घट्ट. खूप आग्रह केल्यावर पदर काढला. समोरचे दोन दात हिरडीलगत काळे कुळकुळीत. मी हळूच टोचून बघितलं, कीड कडक झाली होती. औषधानं चोख काम केलं होतं आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. अनिरुद्धनं फोटोसाठी मोबाईलही काढला. तेवढ्यात ती म्हणाली, 'बाई, ह्ये काय करून ठिवलंय तुमी? घरात मी चोर ठरलीया.'

मग तिनं सांगितलं ते असं. तरुणपणापासून तिला मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासायची, हे आमच्या भागातल्या बायकांचं व्यसन. लावणारीला व्यसन वाटतच नाही, दात घासणंच वाटतं. तिचा थोरला मुलगा मल्लिनाथ गुटखा खायचा. त्याचं तोंड उघडेनासं झालं, मग गालात गाठ, मग ऑपरेशन. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. एक दिवस ती त्याच्या उशाशी मिश्री लावत बसली होती, तर त्यानं हात लांब करून तिची डबी काढून घेतली आणि स्वतःच्या उशीखाली ठेवली. एवढंच. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून शब्द दिला. हे बघायला एकच माणूस होतं, मल्लिनाथची बायको महादेवी.

मल्लिनाथ गेला. महादेवी घर चालवायला विड्या वळायला लागली. नवरा तंबाखूनं नेला आणि पोटाला तंबाखूच, यावर कुणी काय बोलायचं. तंबाखूचं सूप दिवसभर घरात उघडं, वास भिंतींना लागलेला, आणि नीलव्वा शेजारी बसून विड्यांची पानं कातरायची. पण एक चिमूट कधी उचलली नाही. दोघी बायका त्या एका शब्दावर एका घरात नांदत होत्या.

आणि आता दात काळे. महादेवीनं एकदा बघितलं. त्या दिवसापासून सासू जवळ आली की सुपावर फडकं टाकायची. काम उरकलं की उरलेली तंबाखू पेटीत ठेवून कुलूप लावायला लागली. नीलव्वा म्हणाली, 'शिवी दिली आस्ती तर सोसली आस्ती. माज्याम्होरं कुलूप लावती, बाई.' आणि तिथं बाकावर बसून ती रडली. शरणूनं वहिनीला औषधाचं सांगून बघितलं होतं. पण तो स्वतः तंबाखू मळणारा, आईला पाठीशी घालतोय असंच तिला वाटलं. शिवाय तिचं म्हणणं साधं होतं. दवाखान्यात काळा दात पांढरा करतात. पांढऱ्याचा काळा कुठला डॉक्टर करतो? यात चूक काढायला मला जागा दिसेना.

अनिरुद्धचा चेहरा उतरला होता. 'मॅडम, मी सगळं सांगितलं होतं,' तो म्हणाला.

'कुणाला?'

तो एकदम घाई करायला लागला, यावर पांढरं सिमेंट बसवू, आत्ता बसवू, काळं दिसणारच नाही. उपाय बरोबर होता. औषध लावलेल्या जागी वरून दाताच्या रंगाचं सिमेंट भरता येतं. पण नीलव्वा ऐकेना. पांढरे दात घेऊन घरी गेले तर सून म्हणेल, खाल्ली ती खाल्ली आणि वर लपवलीही. 'तू लावलंस न्हवं? मंग तू चल. तू सांग तिला.'

म्हणून आम्ही गेलो. त्या बाजूला आमच्या विभागाची गाडी तपासणी शिबिराला जायची, परतताना ती तिच्या घराकडे वळवली. घरकुलांच्या रांगेत दारात महादेवी बसली होती, मांडीवर सूप, हात चालू. चाळिशीची असेल. उठली नाही, पण पोत्याचं बसकर पुढं सरकवलं. अनिरुद्ध सांगत होता, ती वळत होती. पान, चिमूट, वळ, दोरा. ऐकून झाल्यावर म्हणाली, 'शिकल्याली मानसं तुमी. म्हातारीनं गळ घातली आसंल, म्हनून आलाव. लई उपकार झालं.' म्हणजे चालू लागा. नीलव्वा आत चुलीपाशी बसली होती, ती बाहेर आलीच नाही.

अनिरुद्धनं शिबिराच्या पेटीतली औषधाची बाटली काढली. मी काही म्हणायच्या आत डाव्या हाताच्या पंज्यावर, सगळ्यांना दिसेल असा, एक थेंब सोडला आणि पसरवला. मी डोळे वटारले. अपाय नसतो, पण ही काही डॉक्टरकीची पद्धत नव्हे. महादेवीचे हात थांबले. तिनं वाकून बघितलं. पंजा स्वच्छच होता. 'पानी हाय की ह्ये,' ती म्हणाली.

'उद्या बघा,' तो म्हणाला. 'ऊन लागलं की काळं पडतं. मी येतो दाखवायला.'

'कशाला. मीच येती.' आणि पुन्हा पान उचललं.

गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. चिडले होते का? होते. त्याच्यावर, शरणूवर, आणि एवढ्या साध्या गोष्टीला एवढी यातायात लागावी याच्यावरही. एका म्हातारीला एक वाक्य विचारायचं राहिलं होतं. ते विचारलं असतं तर ती मशीनसारखंच औषधालाही नको म्हणाली असती, किंवा सुनेला बरोबर आणते म्हणाली असती. इतकी वर्षं मी पोरांना किडीबद्दल शिकवलं, आणि ते वाक्य कुणाला विचारायचं हे शिकवायला माझ्याकडे तासच नव्हता, असं त्या संध्याकाळी वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी उघडायच्या आधी दोघी बाकावर बसल्या होत्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. अनिरुद्ध आला. महादेवीनं त्याचा हात ओढून उजेडात धरला. पंज्यावर रुपयाएवढा काळा डाग. तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून घासलं. निघेना. नखानं खरवडलं, तो 'आई गं' म्हणाला, तरी निघेना. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला. दिवसभर तंबाखूत बसणाऱ्या बाईला तंबाखूचा वास बरोबर कळतो. तिनं त्याचा हात सोडला. मग सासूकडे न बघताच म्हणाली, 'आत्याबाई, माजं चुकलं.'

नीलव्वानं मधलं हातभर अंतर सरकून कमी केलं.

अनिरुद्धला भरून आलं होतं. पोर होतं ते. अशा वेळी माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. त्यानं नीलव्वाला खुर्चीत बसवलं, ट्रे मांडला, पॅडवर भुकटी आणि द्राव घेतला आणि पांढरं सिमेंट कालवायला लागला. हे सिमेंट लवकर घट्ट होतं, कालवलं की लगेच दातात जायला हवं. सुंदर कालवलं होतं, चकाकत होतं. चिमट्यात कापूस धरून त्यानं मान वर केली आणि शेजारी उभ्या असलेल्या महादेवीला विचारलं, 'झाकून टाकू ना? पांढरं दिसेल एकदम.'

मी पलीकडच्या खुर्चीवरून बघत होते. बोलणार होते, पण महादेवीच आधी बोलली.

'मला काय इचारता? दात त्येंचा हाय.'

अनिरुद्धनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मग हळूहळू खुर्चीकडे वळला. 'आजी,' तो म्हणाला, 'हे काळं झाकू का? की राहू दे?'

नीलव्वानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. मिश्री सोडल्यापासून तिचे बाकीचे दात बरेच उजळले होते, त्यामुळे ते दोन काळे जास्तच उठून दिसत होते. तिनं तोंड पुसलं, लुगडं सावरलं.

'ब्याडप्पा,' ती म्हणाली. 'ऱ्हाऊ दे तसंच. रोज बघंल ही.'

यात माया किती आणि टोमणा किती हे मला तेव्हाही कळलं नाही. महादेवीला कळलं असावं, कारण तिनं मान खाली घातली आणि सासूला खुर्चीतून उतरायला हात दिला. दोघी गेल्या. पुढं तपासणीला नीलव्वा दोन-तीनदा आली, दात शाबूत होते आणि काळेच होते.

पॅडवरचं सिमेंट तोवर दगड झालं होतं. ते खरवडत अनिरुद्ध म्हणाला, 'मॅडम, आधी विचारून मग कालवायला हवं होतं.' मी हो म्हटलं. जास्त बोलायचं त्राण नव्हतं, सकाळच होती आणि माझी मान दुखायला लागली होती. पुढचा पेशंट आला, वेळापूरचे एक आजोबा. त्यांना खुर्चीत बसवून त्यांची मुलगी हातात फाईल घेऊन शेजारी उभी राहिली आणि सांगायला लागली, बाबांना ना, डाव्या बाजूला दुखतंय. अनिरुद्धनं हात धुतले, डाग तसाच होता. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्याकडे पाठ करून आजोबांच्या समोर बसला.